सिबिल सुधारले, आता एफडीवरचे क्रेडिट कार्ड ठेवायचे की बंद करायचे?

मृगाच्या तोंडावर बियाणे, खत आणि मजुरीचा हिशेब मांडायला बसले की हल्ली काही घरांत एक वेगळाच प्रश्न निघतो. मोटारसायकलचे किंवा मोबाईलचे हप्ते थकले, सिबिल खराब झाले, बँकेने दारातून परत पाठवले. मग कुणाच्या तरी सल्ल्याने बँकेत १५-२० हजारांची एफडी ठेवून त्यावर क्रेडिट कार्ड घेतले. दोन वर्षे बिल वेळेवर भरले आणि स्कोअर ७५० च्या आसपास आला. आता ती एफडी मोकळी करून पेरणीला लावावी, असे घरचे म्हणतात. तर मोबाईलवरचा कुठलातरी व्हिडिओ सांगतो की पहिले कार्ड कधीच बंद करू नका, स्कोअर कोसळतो.

घरच्यांचे म्हणणे काही घरांना लागू पडते, व्हिडिओवाल्याचे काहींना. कोणाला काय लागू पडते, ते तीन गोष्टींवरून ठरते: त्या माणसाच्या नावावर दुसरे कोणते कर्ज किंवा कार्ड चालू आहे, येत्या सहा महिन्यांत त्याला मोठे कर्ज काढायचे आहे का, आणि महिन्याच्या महिन्याला बिल भरणे त्याला खरोखर जमते का. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तीच कुणी विचारत नाही.

हे कार्ड किसान क्रेडिट कार्ड नव्हे

नावात ‘क्रेडिट कार्ड’ असल्याने गल्लत होते. किसान क्रेडिट कार्ड म्हणजे पीककर्जाचे खाते. त्याची परतफेड हंगामावर असते आणि ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून शेतकऱ्याला व्याज शून्य पडते. इथे ज्याची चर्चा आहे ते दुकानात, पेट्रोल पंपावर आणि ऑनलाईन खरेदीला वापरायचे कार्ड. त्याचे बिल दर महिन्याला येते. पाऊस पडो न पडो, कांद्याला भाव असो नसो, तारीख चुकली की दंड आणि व्याज. व्याजाचा दर बहुतेक कार्डांना महिन्याला ३ ते ३.७५ टक्के, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास जातो.

एफडीवरचे कार्ड मिळायला सोपे असते, कारण बँकेला धोका नसतो. एफडीच्या साधारण ७५ ते १०० टक्के इतकी मर्यादा मिळते. म्हणजे २० हजारांच्या एफडीवर १५ ते २० हजारांचे कार्ड. त्या बदल्यात एफडीवर बँकेचा बोजा चढतो, जसा सातबाऱ्यावर सोसायटीचा चढतो. बँकेच्या अ‍ॅपमध्ये त्याला ‘लीन’ म्हणतात. बोजा असेपर्यंत एफडी मोडता येत नाही, मात्र तिच्यावरचे व्याज चालू राहते. बिल थकले तर बँक एफडी मोडून आपले पैसे वळते करून घेते. तरीही थकल्याची नोंद सिबिलमध्ये व्हायची ती होतेच. ‘एफडी आहेच की, त्यातून घेतील’ म्हणून निवांत बसणाऱ्यांची इथेच फसगत होते.

आधी स्कोअर नाही, अहवाल पाहा

कार्ड ठेवायचे की बंद करायचे हे ठरवण्याआधी पूर्ण अहवाल डोळ्यांखालून घालायला हवा. देशात ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा चार कंपन्या ही नोंद ठेवतात. गावाकडे चौघांनाही मिळून ‘सिबिल’च म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार या प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाईटवर मोबाईल नंबर आणि पॅन टाकून तो काढता येतो. यासाठी कुणा एजंटाला पैसे द्यायची गरज नाही.

अहवालात स्कोअर ७६० दिसला तरी खाली एखाद्या जुन्या कर्जापुढे ‘सेटल्ड’ किंवा ‘रिटन ऑफ’ असे लिहिलेले असू शकते. सेटल्ड म्हणजे ठरलेल्यापेक्षा कमी पैसे घेऊन बँकेने प्रकरण मिटवले. कर्जदाराच्या मते विषय संपला, पण पुढच्या बँकेच्या लेखी तो माणूस पूर्ण पैसे न देणारा ठरतो. कार्डाने स्कोअर वाढतो, पण हा शेरा कार्डाने जात नाही. त्यासाठी त्या जुन्या बँकेत किंवा फायनान्स कंपनीत जाऊन उरलेली रक्कम भरावी लागते, ना-देय दाखला घ्यावा लागतो आणि खाते ‘क्लोज्ड’ अशी दुरुस्ती करून मागावी लागते. हे झाले नसेल, तर सिबिल सुधारण्याचे काम अजून अर्धेच झाले आहे आणि कार्ड बंद करण्याची घाई नको.

आणखी एक जागा तपासायची ती जामीनकीची. मेहुण्याच्या ट्रॅक्टरला किंवा शेजाऱ्याच्या कर्जाला जामीन राहिलेला माणूस ते विसरून जातो. अहवाल विसरत नाही. तिकडचे हप्ते थकले की इकडच्या अहवालावर डाग दिसतो.

तसेच कार्ड ज्याच्या नावावर, सिबिल त्याचे. नवऱ्याचे सिबिल खराब म्हणून बायकोच्या नावावर कार्ड काढले आणि वापर मात्र त्याने केला, अशी प्रकरणे कमी नाहीत. बंद करायचा की ठेवायचा हा निर्णय त्या बाईच्या कामाने व्हायला हवा. बचत गटाचे किंवा मायक्रोफायनान्सचे पुढचे कर्ज तिला घ्यायचे असेल तर अहवाल तिचा पाहिला जाणार आहे.

बंद केले म्हणजे नोंद पुसली जाते का?

नाही. हा सर्वांत मोठा गैरसमज. २००५ च्या कायद्यानुसार चाललेल्या या व्यवस्थेत कंपन्यांना नोंदी किमान सात वर्षे जपून ठेवाव्या लागतात. कार्ड बंद केल्यावर ते अहवालात ‘क्लोज्ड’ म्हणून दिसत राहते आणि वेळेवर भरलेल्या बिलांची जी रांग तयार झाली तीही दिसते. सिबिलच्या अहवालात प्रत्येक खात्यापुढे ३६ महिन्यांपर्यंतचा परतफेडीचा तक्ता असतो. दोन वर्षे इमानेइतबारे भरलेली बिले एका अर्जाने मातीत जात नाहीत.

मग स्कोअर खाली येतो तो कशामुळे? स्कोअर काढण्याचे नेमके सूत्र कंपन्या जाहीर करत नाहीत, पण परतफेड वेळेवर आहे का, मर्यादेच्या किती वापर होतो, खाती किती जुनी आहेत, कर्जांचे प्रकार कोणते आणि अलीकडे किती ठिकाणी अर्ज केले, एवढ्या गोष्टी पाहिल्या जातात हे त्या स्वतःच सांगतात. कार्ड बंद झाल्यावर यातली जी गोष्ट लगेच बदलते, ती मर्यादेच्या वापराची.

समजा, एकाकडे एफडीवरचे २० हजार मर्यादेचे कार्ड आहे आणि नंतर मिळालेले ४० हजारांचे साधे कार्ड आहे. महिन्याला दोन्ही मिळून १५ हजारांचा खर्च होतो. ६० हजारांत १५ हजार म्हणजे वापर २५ टक्के. एफडीवाले बंद केले की ४० हजारांत १५ हजार, म्हणजे साडेसदतीस टक्के. खर्च एक रुपयानेही वाढला नाही, पण कागदावर माणूस जास्त उधारीवर चालल्यासारखा दिसतो. वापर मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत असावा असा ढोबळ संकेत आहे. यावर उपाय सोपा आहे. खर्च त्यात बसवावा, किंवा बिल तयार होण्याच्या तारखेआधीच थोडी रक्कम भरून टाकावी, म्हणजे बिलावर कमी आकडा येतो आणि तोच पुढे कळवला जातो. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती महिन्याऐवजी दर पंधरवड्याला कळवणे बंधनकारक झाले, त्यामुळे असा बदल पूर्वीपेक्षा लवकर दिसतो. चांगला तसाच वाईटही.

हे एकच कार्ड असेल, दुसरे कुठलेच कर्ज किंवा कार्ड चालू नसेल, तर गोष्ट वेगळी. ते बंद केले की अहवालात चालू खाते एकही राहत नाही. नवी नोंद थांबते. आठ-दहा महिन्यांनी कर्जाला गेल्यावर बँकेला जुनी, थांबलेली माहिती दिसते. इथे मात्र व्हिडिओवाल्याचे बरोबर आहे. पण ज्याचे जिल्हा बँकेतले किंवा राष्ट्रीयीकृत बँकेतले पीककर्जाचे खाते नियमित चालू आहे, त्याच्याकडे चालू खाते आहेच. त्याने घाबरू नये.

एफडी अडकलेली आणि शेकडा तीन रुपये चालू

पैशाचा हिशेब बहुतेक जण करतच नाहीत. २० हजारांच्या एफडीवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला १,३०० रुपये व्याज मिळते. तेवढ्यापुरते पाहिले तर एफडी अडकली म्हणून मोठे नुकसान नाही, पैसा बसून नाही.

पण त्याच माणसाने जूनमध्ये बियाण्यासाठी खासगीत शेकडा ३ रुपयांनी २० हजार उचलले, तर महिन्याला ६०० रुपये व्याज. सोयाबीन बाजारात जाईपर्यंत पाच महिने धरले तर ३,००० रुपये. एफडीने त्या पाच महिन्यांत दिले ५४० च्या आसपास. म्हणजे स्वतःचे २० हजार बँकेत ठेवून, दुसऱ्याचे २० हजार घेऊन, वर अडीच हजार रुपये पदरचे घालायचे. सिबिलचे आठ-दहा गुण वाचवण्यासाठी हा सौदा कुणी करू नये. अशा घराने कार्ड बंद करून एफडी मोकळी करणे शहाणपणाचे.

उलट बाजूही आहे. कृषी सेवा केंद्रात खत कार्डावर घेतले आणि बिलाच्या तारखेला पूर्ण पैसे भरले तर ४५ दिवसांपर्यंत बिनव्याजी उधार मिळते. दुकानदार कार्डावर दोन टक्के जादा मागत असेल तर तो फायदा बराचसा गेला. रुपे कार्ड यूपीआयला जोडून दुकानाचा क्यूआर स्कॅन करता येतो, पण गावातल्या बऱ्याच दुकानांत दुकानदाराच्या स्वतःच्या खात्याचा क्यूआर लावलेला असतो. व्यापारी म्हणून नोंद नसलेल्या त्या क्यूआरवर क्रेडिट कार्डाचे पैसे जात नाहीत. मित्राला किंवा नातेवाइकाला पाठवण्यासाठीही ते चालत नाही.

आणि कार्डावरून एटीएममधून रोकड काढणे हा तर सरळ तोट्याचा धंदा. तिथे बिनव्याजी दिवस नसतात, काढल्या दिवसापासून व्याज आणि वर शुल्क.

वार्षिक शुल्काचाही विचार हवा. काही एफडी कार्डे कायम मोफत असतात, काही पहिली काही वर्षे. ५०० रुपये शुल्क म्हणजे १८ टक्के जीएसटी धरून ५९०. कपाटात ठेवलेल्या कार्डावर हे ५९० लागतात, मेसेज जुन्या नंबरवर जातो, कुणाला पत्ता नसतो. मग विलंब शुल्क, त्यावर जीएसटी, व्याज. सहा महिन्यांनी ट्रॅक्टरच्या कर्जाला गेल्यावर कळते की ५९० रुपयांपायी खाते थकीत दिसते आहे. दोन वर्षांची मेहनत कार्ड बंद करण्याने सहसा जात नाही, ती अशा विसरलेल्या कार्डाने जाते.

बिल भरणे जमते का, हा खरा प्रश्न

नोकरदाराचा पगार महिन्याला येतो आणि कार्डाचे बिलही महिन्याला. शेतकऱ्याचे तसे नाही. उसाचे बिल १४ दिवसांत द्यावे असा नियम असला तरी पैसे कधी येतील ते कारखान्यावर. कांदा, डाळिंब, कापूस यांचे पैसे एकरकमी येतात आणि मग चार महिने हात कोरडा. मासिक बिलाची शिस्त अशा घराला जड जाते, यात त्या माणसाचा दोष नाही. ज्या घरात दुधाचा पगार दर दहा दिवसांनी येतो, कुणाची अंगणवाडीची किंवा कंपनीतली नोकरी आहे, किंवा दुकान आहे, तिथे कार्ड निभावते.

बिलाची तारीख अडचणीची असेल तर ती बदलून मागता येते. बिलाचे चक्र किमान एकदा बदलण्याची मुभा बँकेने द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शाखेत सहसा हे कुणी आपणहून सांगत नाही. दुधाचा पगार ज्या तारखेला जमा होतो, त्यानंतर चार-पाच दिवसांनी बिलाची शेवटची तारीख येईल असे चक्र करून घ्यावे.

एक-दोन दिवस चुकले तर लगेच घाबरायचे कारण नाही. शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच बँकेने थकबाकी कळवावी आणि विलंब शुल्क लावावे, असा नियम आहे. मात्र चौथ्या दिवसापासून उशिराचे दिवस मोजले जातात ते मूळ तारखेपासून.

गेल्या १२ महिन्यांत दोनदा तरी बिल चुकले असेल किंवा फक्त ‘मिनिमम ड्यू’ भरून वेळ मारून नेली असेल, तर ते कार्ड त्या घराला मानवत नाही असे समजावे. मिनिमम भरल्याने सिबिल वाचते, पण पैसे जातात. १० हजारांच्या बिलावर ५०० रुपये भरले तर ढोबळमानाने त्यातले ३५० व्याजात आणि ६३ त्यावरच्या जीएसटीत जातात. मुद्दल ८७ रुपयांनी कमी होते. असे कार्ड आधी पूर्ण चुकते करून बंद करावे. पहिले कार्ड जपायचे म्हणून कर्ज जपण्यात अर्थ नाही.

मोठे कर्ज तोंडावर असेल तर हात लावू नये

घरकुलाला जोड म्हणून गृहकर्ज, मुलीच्या नर्सिंगचे किंवा इंजिनिअरिंगचे शैक्षणिक कर्ज, ट्रॅक्टर, गाईंचा गोठा, यापैकी काही येत्या सहा महिन्यांत काढायचे असेल, तर सध्या कार्ड आहे तसे चालू ठेवावे. कर्ज मंजूर होऊन खात्यात पडले की मग बंद करावे. कर्जाचे हप्ते सुरू झाले की चालू खाते आपोआप तयार होते आणि कार्डाची गरजही कमी होते. अर्ज करण्याच्या महिन्यात नवे कार्ड काढणे, जुने बंद करणे, चार अ‍ॅपवर कर्ज मिळते का बघणे, हे सगळे टाळावे. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात उमटते. पीककर्जासाठी सिबिल पाहू नका, असे राज्य सरकार बँकांना वारंवार बजावते. पण वरची कर्जे पीककर्जात मोडत नाहीत, त्यांना अहवाल लागतोच.

कार्ड ठेवायचे ठरले तर ते जिवंत ठेवावे लागते. वर्षभराहून जास्त काळ न वापरलेले कार्ड बँक स्वतः बंद करू शकते. आधी ग्राहकाला कळवते आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर थकबाकी नसल्यास बंद करते. म्हणून दोन-तीन महिन्यांतून एकदा मोबाईल रिचार्ज किंवा वीजबिल कार्डावरून भरावे आणि ते लगेच फेडावे. एवढे पुरते. बचत खात्यातून पूर्ण बिल आपोआप कापून जाईल असे लावून ठेवले तर उत्तम, फक्त खात्यात शिल्लक हवी.

तिसरा रस्ता: कार्ड राहू द्या, एफडी सोडा

बंद करण्याआधी बँकेला एक गोष्ट जरूर विचारावी. दोन वर्षे चांगली परतफेड झाली असेल तर काही बँका त्याच ग्राहकाला एफडीशिवायचे कार्ड देतात आणि एफडीवरचा बोजा काढतात. सगळ्या बँका हे करत नाहीत आणि गावातल्या शाखेला बरेचदा माहीत नसते. कार्डाच्या मागे छापलेल्या ग्राहक सेवेच्या नंबरवर विचारलेले बरे. बदललेल्या कार्डाला वार्षिक शुल्क आहे का, तेही तिथेच विचारून घ्यावे, कारण मोफत कार्ड देऊन शुल्काचे कार्ड गळ्यात पडणे ही नेहमीची गोष्ट आहे.

बंद करायचे ठरले तर

पहिले काम म्हणजे कार्डावर काय काय लागलेले आहे ते सोडवणे. मोबाईल रिचार्ज, ओटीटी, विम्याचा हप्ता आपोआप कापला जात असेल तर दुसऱ्या खात्यावर वळवावा. यूपीआय अ‍ॅपमधून कार्ड काढावे. कार्डावर ईएमआय चालू असेल तर बंद करताना उरलेली सगळी रक्कम एकदम मागितली जाते, वर शुल्कही लागू शकते. तो संपेपर्यंत थांबणे बहुधा स्वस्त पडते. जमलेले पॉईंट असतील तर वापरून टाकावेत. बंद झाल्यावर ते बहुधा मिळत नाहीत.

नंतर बिल पै-पैसह चुकते करावे. मागच्या महिन्यात काही बाकी राहिली असेल तर भरल्यानंतरही चार-पाच दिवसांचे व्याज पुढच्या बिलात येते. तीस-चाळीस रुपयांची ही शेपटीच नंतर डोकेदुखी होते. ग्राहक सेवेला ‘आजच्या तारखेला एकूण किती भरायचे’ असे विचारून तेवढे भरावे.

बंद करण्याची विनंती फोन, ई-मेल, वेबसाईट किंवा अ‍ॅपवरून करता येते. पोस्टानेच अर्ज पाठवा, असा आग्रह बँकेला धरता येत नाही. शाखेतला कर्मचारी ‘इथे होत नाही’ म्हणाला तरी हरकत नाही. फोन केला तर तक्रार किंवा विनंती क्रमांक लिहून घ्यावा, आणि जमल्यास ई-मेलही करावा. अ‍ॅपवरून मिळालेले कार्ड असेल तर पुढे कंपनीचे नाव आणि मागे बँकेचे नाव असते. विनंती अ‍ॅपवर करावी, दाद मिळाली नाही तर त्या बँकेकडे जावे. कार्ड बँकेचेच असते.

थकबाकी नसेल तर विनंतीपासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झालेच पाहिजे. नाही झाले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली काढलेल्या कार्डविषयक निर्देशांतला हा नियम आहे आणि फोनवर नुसता त्याचा उल्लेख केला तरी कामाला गती येते. मधल्या काळात ‘शुल्क माफ करतो, मर्यादा वाढवतो, कार्ड ठेवा’ असे फोन येतील. शुल्क कायमचे माफ होत असेल आणि ते लेखी मिळत असेल तर विचार करावा, नाहीतर नम्रपणे नाही म्हणावे.

कार्ड बंद झाले म्हणजे एफडी आपोआप सुटली, असे धरून चालू नये. अ‍ॅपमध्ये एफडीपुढची लीनची रक्कम शून्य झाली का ते पाहावे. झाली नसेल तर बंद झाल्याचा मेसेज किंवा पत्र घेऊन शाखेत जावे. बोजा उतरल्यावर एफडी लगेच मोडलीच पाहिजे असेही नाही. मुदतीआधी मोडली तर बहुतेक बँका व्याजातून अर्धा ते एक टक्का कापतात. मुदत संपायला महिना-दीड महिना उरला असेल आणि पेरणी थांबणार नसेल तर मोडावी, थांबता येत असेल तर थांबावे. आपोआप नूतनीकरण लावलेले असेल तर ते बंद करायला विसरू नये, नाहीतर एफडी पुन्हा वर्षभरासाठी गुंतते.

ना-देय दाखला मागून घ्यावा आणि त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवावा. कार्ड चिप आणि पट्टीवरून आडवे कापून टाकावे.

फोनवरच्या भामट्यांपासून सावध

कार्ड बंद करण्याच्या काळात एक जोखीम वाढते. ‘तुमचे कार्ड बंद करायचे आहे ना, ओटीपी सांगा’, ‘ही फाईल डाऊनलोड करा’ असे फोन येतात. कार्ड बंद करायला फोनवरच्या माणसाला ओटीपी, पिन किंवा मागचा तीन आकडी क्रमांक कधीही सांगावा लागत नाही. ‘तीन हजार द्या, सेटल्डचा शेरा काढून सिबिल ८०० करतो’ म्हणणाराही त्याच जातीचा. शेरा फक्त मूळ बँक किंवा फायनान्स कंपनी बदलू शकते. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे.

नोंद चुकली तर दाद कुठे?

कार्ड बंद झाल्यावर बँकेने ३० दिवसांत ती नोंद सिबिल वगैरे कंपन्यांकडे पाठवायची असते. त्यामुळे दीड-दोन महिन्यांनी अहवाल पुन्हा काढून पाहावा. तोवर फुकटचा अहवाल वापरून झाला असेल तर चारपैकी दुसऱ्या कंपनीचा काढावा, म्हणजे पैसे लागत नाहीत. खाते ‘क्लोज्ड’ आणि बाकी शून्य दिसली पाहिजे. अजून चालू किंवा थकीत दिसत असेल तर त्या कंपनीच्या वेबसाईटवर ऑनलाईन तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत. सोबत बँकेलाही लेखी कळवावे. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला देण्याचा नियम आहे.

बँकेने महिनाभर उत्तरच दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. ही सोय मोफत आहे, वकील लागत नाही. ऑनलाईन सीएमएस पोर्टलवर अर्ज भरता येतो आणि १४४४८ या क्रमांकावर फोन करून माहिती घेता येते. सोबत विनंती क्रमांक, ई-मेल, शेवटचे बिल भरल्याची पावती आणि ना-देय दाखल्याचा फोटो जोडावा.